गवंड्याच्या हाताखाली: थंड राहणारं घर बांधताना मालकाने साइटवर काय करायचं

पुणे, सातारा, नगर या पठारी पट्ट्यात आठ-नऊशे फुटांचं बैठं घर बांधायला सहा-सात माणसांची तुकडी पुरते. एक मिस्त्री, दोन गवंडी, तीन-चार बिगारी. सेंट्रिंगवाला, फिटर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर आपापल्या वेळेला येऊन जातात. ज्याला या तुकडीबरोबर रोज साइटवर उभं राहता येतं, घमेलं उचलायची लाज नाही आणि घर एसीशिवाय उन्हाळा काढेल असं हवं आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे.

अशा घराला लागणारं सामान फारसं वेगळं नसतं. वीट, सिमेंट, वाळू, सळई तीच. फरक पाडणाऱ्या गोष्टी बारीक असतात आणि त्या सगळ्या गवंड्याच्या हाताच्या सवयीला आडव्या जातात. त्यामुळे संध्याकाळी पाचच्या घाईत पहिल्यांदा त्याच सुटतात. मालकाने आपली ताकद तिथे लावावी. विटा लावायला गवंडी आहे, आणि तो तुमच्यापेक्षा दहापट बरा लावतो.

तुकडी यायच्या आधी: ऊन मोजा

प्लॅन पक्का होण्याआधी मोकळ्या जागेवर पाच फुटांची काठी ओळंब्यात उभी करा आणि भर दुपारी सावली मोजा. भर दुपार म्हणजे सूर्याची, घड्याळाची नव्हे; पुण्याच्या बाजूला ती साडेबाराच्या आसपास येते. डिसेंबरच्या शेवटी पाच फुटी काठीची सावली साडेचार फूट पडते आणि ती उत्तरेला असते. मेच्या मध्याला, आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस, पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर असतो.

यावरून घराचं अर्धं गणित सुटतं. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला, तर डिसेंबरच्या दुपारी त्याची सावली सव्वादोन फूट खाली येते, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ सहा फूट. म्हणजे थंडीत खिडकीतून ऊन आत येतं आणि उन्हाळा लागताना अख्खी खिडकी सावलीत जाते. दक्षिण ही सांभाळायला सोपी दिशा आहे. लोक उगाच तिला घाबरतात.

खरा त्रास पश्चिमेचा. मे महिन्यात दुपारी साडेचारला त्याच दोन फुटी छज्जाची सावली पश्चिमेच्या खिडकीवर जेमतेम सव्वा फूट येते. छज्जा चार फूट वाढवला तरी साडेपाचचं ऊन खालून आत शिरतंच. म्हणून पश्चिमेला संडास-बाथरूम, जिना, अडगळीची खोली ठेवा, किंवा पडवी काढा. तेही जमत नसेल तर मांडव घालून दोडका-कारल्याचा वेल चढवा. पाव्हण्यांना दाखवायची मोठी काच पश्चिमेला लावायचा मोह आवरा. पुढे ती काच पडद्याने झाकून ठेवायची वेळ येते.

आणि छप्पर. उन्हाळाभर सगळ्यात जास्त ऊन तेच खातं. भिंतीवर जीव ओतून छपराकडे दुर्लक्ष केलं, तर घर तापतंच.

हंगाम आणि हजेरी

काम दिवाळीनंतर धरा. जोतं डिसेंबरात, भिंती फेब्रुवारीपर्यंत, स्लॅब मार्च-एप्रिलात. मग पावसाआधी छपरावरच्या कामाला वेळ मिळतो. वीटभट्ट्या दिवाळीनंतर पेटतात, त्यामुळे नव्या हंगामाची वीट जानेवारीपासून नीट मिळू लागते. त्याच दिवसांत ऊसतोड चालू असते आणि बिगारी मिळणं अवघड होतं. पुढे चैत्रात गावोगावच्या जत्रा. मिस्त्रीला सुरुवातीलाच विचारा, "तुमच्या गावची जत्रा कधी?" आणि ते आठ दिवस वेळापत्रकातून आधीच काढून टाका.

काम फुटावर द्यायचं की हजेरीवर? सरळ कामाला फुटाचा दर बरा, दोघांच्याही डोक्याला ताप नाही. पण जिथे तुम्हाला सवयीबाहेरचं काम हवं आहे, तिथे फुटाचा दर तुमच्याच विरोधात जातो. गवंड्याचं पोट वेगावर असेल तर तो सावकाश का लावेल? माझं मत असं की जोतं, गिलावा, फरशी फुटावर द्यावी आणि भिंतीचं काम हजेरीवर ठेवावं. नाहीतर भिंतीसाठी दर वाढवून द्यावा, आणि तो का वाढवला ते बोलून दाखवावं. उचल किती, पगार कुठल्या दिवशी, हेही आधीच ठरवा. बहुतेक तुकड्यांना आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पैसे हातात हवे असतात. तो दिवस चुकवू नका.

आणखी एक काम तुम्ही करू शकता. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायला कामगाराला वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तुमच्याकडच्या हजेरीची वही नीट असली तर त्यांना तो मिळवायला मदत होते. बिगारी बायकांची नावं वहीत स्वतंत्र लिहा. नवऱ्याच्या नावापुढे "जोडी" म्हणून टाकू नका.

वीट निवडताना

या घराची भिंत आतून पोकळ ठेवायची आहे; कशी ते पुढे येतंच. पोकळ भिंतीला वीट एकसारखी लागते, कारण ती उभ्या कडेवर बसते. वाकडी वीट साध्या भिंतीत सिमेंट-वाळूच्या मालाखाली लपून जाते, इथे ती सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. भट्टीवर स्वतः जा. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत वाजल्या पाहिजेत. एक वीट छातीच्या उंचीवरून दुसऱ्या विटेवर सोडा, फुटता कामा नये. मग चार-पाच विटा घरी आणा, कोरड्या तोला, २४ तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. भारतीय मानकानुसार साध्या भाजक्या विटेने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. तीन किलोची वीट भिजून तीन किलो सहाशे ग्रॅमच्या पुढे गेली तर ती भट्टी सोडा.

कोकणात हा सगळा विचार बदलतो. तिथल्या पावसात उघडी वीट टिकवणं कठीण, आणि चिरा हाताशी असताना विटेच्या मागे लागण्यात अर्थ नाही. खाली जे लिहितो ते पठारासाठी.

नमुन्याची भिंत

पोकळ भिंतीची ही रॅट-ट्रॅप पद्धत वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रूढ केली. नऊ इंची भिंतीत दोन्ही तोंडांना वीट उभ्या कडेवर लावायची, मध्ये साधारण तीन इंचांची पोकळी राहते, आणि ठरावीक अंतराने एक वीट आडवी घालून दोन्ही तोंडं बांधायची. पुढच्या थरात आडवी वीट सरकते. विटा साधारण पाव हिश्शाने वाचतात, माल त्याहूनही जास्त वाचतो, आणि पोकळीतली हवा पश्चिमेच्या उन्हाला आत यायला वेळ लावते.

हे मिस्त्रीला तोंडी सांगाल तर तो ऐकून घेईल आणि मनात म्हणेल, मालकाने मोबाइलवर काहीतरी पाहिलंय. त्याच्या शंका रास्त असतात: "पोकळ भिंत स्लॅबचा भार घेईल का? उंदरं शिरतील. खिळा कुठे ठोकायचा?" उत्तरं तयार ठेवा. जोत्यावरचा पहिला थर, खिडकीखालचा थर, लिंटेलखालचा (दार-खिडकीवरच्या काँक्रीटच्या पट्टीखालचा) थर आणि स्लॅबखालचा थर भरीव घ्यायचा. पोकळी वर-खाली बंद झाली की उंदीर-मुंग्यांना वाट नाही. दारं-खिडक्यांच्या बाजू भरीव. भाराचं उत्तर इंजिनिअरच्या कागदावर घ्या, अंदाजावर नको.

मग अंगणात चार बाय चार फुटांची नमुन्याची भिंत लावून घ्या. पुढे धुण्याच्या दगडामागची आडोशाची भिंत म्हणून ती कामी येते. मिस्त्रीचा हात तिथे बसतो, त्याच्या अडचणी तिथे कळतात आणि तुमच्याही. सांधा किती जाड, आडवी वीट किती अंतरावर, कोपऱ्याला अद्धा कसा तोडायचा, हे सगळं त्या भिंतीवर ठरतं. पुढे वाद झाला तर दोघांनी जाऊन तीच भिंत बघायची.

भूकंपाचं विसरू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात कोसळलेल्या बऱ्याच घरांच्या भिंती जाड दगड-मातीच्या होत्या, उन्हाळ्यात थंडगार राहणाऱ्या. त्या एकमेकींना बांधलेल्या नव्हत्या. म्हणून जोत्याला आणि लिंटेलला अखंड काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत आणि दारांच्या बाजूंना उभी सळई हवीच. रॅट-ट्रॅपमध्ये ही सळई पोकळीतून सरळ वर नेता येते आणि तेवढी पोकळी काँक्रीटने भरता येते.

भिंत चढताना तुमचे हात कुठे

सकाळी तुकडी यायच्या आधी विटा भिजवा. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. हे बिगाऱ्याचं काम आहे, पण त्याला त्याच वेळी वाळू चाळायची आणि पाणी भरायचं असतं. साडेसहाला तुम्ही नळी सोडून विटांच्या ढिगावर उभे असलात की दिवस सुरळीत जातो.

लेव्हलपाइपचं, म्हणजे पातळी बघायच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं, एक टोक धरा. त्यात बुडबुडा नाही ना हे आधी पाहा. एका बुडबुड्याने दोन टोकांत अर्ध्या इंचाचा फरक पडतो. प्रत्येक कोपऱ्यावर जोत्यापासून तीन फुटांची खूण करून घ्या आणि पुढची सगळी मापं तिथून मोजा. खोली काटकोनात आहे का हे गुण्यापेक्षा कर्ण मोजून लवकर कळतं: दोन्ही कर्ण सारखे हवेत.

आता पोकळीकडे. माल पसरताना थापीतून तो आत पडतो, ढीग साचतो आणि दोन तोंडांमध्ये पूल तयार होतो. उष्णता त्याच पुलावरून आत येते, पावसाचा ओलावाही. यावरचा उपाय म्हणजे पोकळीच्या मापाची एक फळी. गवंडी माल पसरत असेपर्यंत ती पोकळीवर धरायची, माल पसरला की उचलून झटकायची आणि पुढे सरकवायची. दिवसभर फळी धरणं कंटाळवाणं आहे, म्हणूनच ते मालकाने करावं. साइटवरचं दुसरं कुठलंही काम तुम्ही सोडलंत तरी हे सोडू नका.

माल थोडा-थोडा कालवायला सांगा. कालवून तास होत आलेला माल पाणी मारून परत मऊ करतात, ते थांबवा. थांबवायची पद्धत म्हणजे माल कमी कालवणं. ओरडण्याने काही होत नाही. सिमेंटचं प्रमाण ठरल्याप्रमाणे राहावं म्हणून वाळू मोजायला लाकडी फरमा ठेवा. घमेल्याचं माप सकाळी एक आणि दुपारी दुसरं असतं. एका दिवसात भिंत पाच फुटांच्या वर चढवू नका.

संध्याकाळी गवंडी हातपाय धुतो, तेव्हा तुम्ही दरजा खरवडा. बाहेरून गिलावा न करता नुसत्या दरजा भरायच्या असतील, तर माल ओला असतानाच त्या अर्धा इंच खोल मोकळ्या झाल्या पाहिजेत. दुसऱ्या दिवशी तेच काम छिन्नीने करावं लागतं. मग गोणपाट ओलं करून भिंतीवर टाका. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित पीपीसीला किमान १० दिवस पाणी हवं. बाजारात मिळणारी बरीच गोणी पीपीसीचीच असते, त्यामुळे १० धरूनच चाला. पाणी मारणं हे मालकाचं काम आहे असं तुकडी गृहीत धरते, आणि ते बरोबरच आहे.

इलेक्ट्रिशियनला भिंत चढायच्या आधी बोलवा. भिंत झाल्यावर झिरी मारायची त्याची सवय असते. इथे बाहेरच्या तोंडाची वीट तीन इंचांचीच आहे, झिरी पडली की वीट कमजोर होते आणि कधी आरपार जाते. पाइप पोकळीतून वर न्यायचा, बोर्डाच्या जागी वीट भरीव घ्यायची. गिझर, कपाट, टीव्ही, झोपाळ्याचा आकडा जिथे लागणार तिथेही भरीव. सगळे पाइप झाकायच्या आधी टेप लावून फोटो काढा.

बोलण्याची रीत

मिस्त्री वयाने मोठा असेल तर मामा किंवा काका म्हणा, बरोबरीचा असेल तर दादा. बिगारी बायकांना ताई, मावशी. ते तुम्हाला मालक किंवा भाऊ म्हणतील. हुकूम मात्र मिस्त्रीमार्फतच गेला पाहिजे. तुम्ही बिगाऱ्याला परस्पर कामाला लावलंत, तर मिस्त्रीची पत जाते आणि बिगाऱ्याला दोन मालक होतात. काही चुकलेलं दिसलं तर मिस्त्रीला चहाच्या वेळी बाजूला घ्या: "मामा, तिथे पोकळीत माल दिसतोय, बघता का जरा?" चौघांत बोललात तर भिंत तो पाडेल, पण दुसऱ्या दिवशी येईलच असं नाही. आणि चहाच्या सुट्ट्या मोजू नका. एप्रिलात काम सकाळी सातला सुरू करून बाराला थांबवा आणि तीनला पुन्हा धरा.

स्लॅबचा दिवस

स्लॅब टाकायला बहुधा वेगळी टोळी मिक्सर-लिफ्ट घेऊन येते आणि एका दिवसात निघून जाते. त्यामुळे आदल्या दिवशीची तपासणी हेच तुमचं खरं काम. सळई फळीपासून वर उचलून धरणारे कव्हर ब्लॉक खाली आहेत का, टेकू जमिनीवर घट्ट आहेत का, पंख्याचे आकडे आणि सोलरच्या वायरीचा पाइप बसवला का?

फिलर स्लॅब करणार असाल तर ते इंजिनिअरच्या नकाशाशिवाय करू नका. वाकणाऱ्या स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते, तिथलं बरंचसं काँक्रीट नुसतं वजन असतं. त्या जागी मंगलोरी कौलांची जोडी बसवली की काँक्रीट वाचतं, वजन कमी होतं आणि दोन कौलांमधली हवा उष्णता अडवते. कौलं आदल्या रात्री भिजवा आणि चालायला फळ्या टाका. टोळीतल्या कुणी कौलावर पाय दिला तर ते फुटतं आणि घाईत तसंच गाडलं जातं, म्हणून जादा कौलं हाताशी ठेवा.

पाण्यावर उभे राहा. एम-२० काँक्रीटमध्ये ५० किलोच्या गोणीला वाळूतला ओलावा धरून २७ लिटरच्या वर पाणी जाऊ नये. टोळीला पातळ माल आवडतो, तो आपोआप पसरतो. मिक्सरजवळ मापाची बादली घेऊन तुम्हीच बसा. स्लॅब घट्ट झाला की दुसऱ्या दिवशी मालाची आळी करून पाणी साठवा. पंधरा फुटांपर्यंतच्या गाळ्याचे टेकू मानकाप्रमाणे किमान ७ दिवस ठेवावे लागतात. आपल्याकडे १४ ते २१ दिवस ठेवतात, आणि पीपीसीला तेच बरं.

छप्पर झाकणं

उघडा सहा इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकराला पलंगावर उष्णता सोडतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छपराचा यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता आत सोडण्याचं माप, १.२ पेक्षा जास्त नसावा असं आहे. उघड्या स्लॅबचा तो ३ च्या वर असतो. संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे; तुमच्या घराला ती लागू नसली तरी आकडा डोळ्यांसमोर ठेवायला चांगला.

क्रम असा: आधी वॉटरप्रूफिंग आणि पाणी साठवून गळती तपासणं, मग उष्णतारोधक शीट किंवा विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर पांढरी चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांची फरशी. पैसे संपलेले असतील, आणि इथवर येईपर्यंत ते संपतातच, तर नुसता पांढरा चुना मारा आणि दर मार्चमध्ये पुन्हा मारा. फरक त्याच रात्री कळतो.

सोलर पॅनेलही स्लॅबवर सावली धरतात. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यापुढे ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण पॅनेल सगळ्यात शेवटी घ्या. घर थंड झालं आणि ७५ वॉटच्या पंख्याऐवजी ३० वॉटच्या आसपासचा बीएलडीसी पंखा लावला, की किती किलोवॉट हवेत हा आकडाच खाली येतो.

जाळी

पठारावर एप्रिल-मेच्या रात्री थंड होतात. हे घर चालतं ते त्या थंडीवर: रात्री खिडक्या उघड्या, सकाळी नऊला बंद. पण डास आणि चोर यांच्या भीतीने खिडकी सात वाजताच लागली, तर पोकळ भिंत आणि फिलर स्लॅब दोन्ही वाया. म्हणून प्रत्येक खिडकीला ग्रिल आणि मच्छरजाळी पहिल्या दिवसापासून हवी, "नंतर बघू" असं नको. समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या ठेवा, आणि एका बाजूला छताजवळ जाळीचा झरोका.

शेवटचा हिशेब

थोडी रक्कम पहिल्या पावसापर्यंत मागे ठेवायची असेल तर ते उचल देतानाच बोला. शेवटी काढलेला विषय भांडणात जातो. जून लागला की पहिल्या मोठ्या पावसानंतर मिस्त्रीला घरी बोलवा आणि दोघांनी मिळून पश्चिमेची भिंत आतून हाताने चाचपा, खिडक्यांचे खालचे कोपरे बघा, गच्चीवरच्या पन्हाळीचं तोंड बघा. ओल दिसली तर दरजा कुठे सुटली आहे हे त्याला बाहेरून लगेच सापडतं. ती भरून घ्या आणि उरलेले पैसे त्याच दिवशी द्या.